बेकाराच्या हातचा पैसा

मंदीच्या दिवसांत सरकारने हात सैल सोडावा की आखडता घ्यावा, हा वाद अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जितका जुना आहे, तितकाच तो आपल्या घराघरांतही परिचयाचा आहे. कारखाने थंडावले, दुकानांत गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, कामावरून माणसे कमी होऊ लागली, की एक पक्ष म्हणतो, सरकारने कर्ज काढून का होईना, पण कामे काढावीत आणि बेकारांना भत्ता द्यावा. दुसरा पक्ष विचारतो, हा पैसा येणार कोठून? आज ना उद्या तो करदात्याच्याच खिशातून निघणार ना? आणि काम न करता पैसा मिळू लागला तर काम करील कोण? दुसऱ्या पक्षाचे हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. परंतु जगाचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव, आणि त्याहून जवळचा असा महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव जमेस धरला, तर बेकाराच्या हाती योग्य वेळी पडलेला पैसा वाया जात नाही, तो साऱ्या बाजाराला तारून नेतो, असाच निष्कर्ष काढावा लागतो. वाया जातो तो अवेळी आणि गरज न पाहता वाटलेला पैसा. हा भेद न केल्यामुळे आपल्याकडची चर्चा वारंवार भरकटते, आणि त्याची किंमत शहरातल्या बेकाराला मोजावी लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण मध्यमवर्गाच्या हाडीमाशी खिळलेली आहे. कुटुंबापुरती ती शहाणपणाचीच आहे. मिळकत घटली की घरच्या कर्त्याने खर्च कमी करावा, यात गैर काही नाही. पण एका घराला लागू पडणारा नियम साऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. साऱ्यांनीच एकाच वेळी हात आखडला, तर साऱ्यांचीच मिळकत घटते, आणि पुन्हा हात आखडण्याची पाळी येते. हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाच्या बरेवाईटपणाची चर्चा येथे करावयाची नाही. पण पगार थांबल्यावर काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. गिरणगावातल्या खाणावळी ओस पडल्या, वाण्याची उधारी थकली, आणि कोकणात व घाटावर दरमहा जाणाऱ्या मनिऑर्डरींचा ओघ आटला. गिरणीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा शेकडो गावांतल्या चुली त्यामुळे मंदावल्या. संप विरल्यानंतर ज्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, त्यांच्यासाठी बेकारीचा विमा नावाची कोणतीही व्यवस्था नव्हती. एक पगार बुडाला म्हणजे एकच कुटुंब बुडते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी गिरणगावाचा तो इतिहास आठवावा.

हाच विचार जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शास्त्रीय रीतीने मांडला. तरुणपणी दोन वर्षे लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केलेल्या आणि हिंदुस्थानच्या चलनावरच आपले पहिले पुस्तक लिहिणाऱ्या या पंडिताने सांगितले, की खासगी माणसे खर्च करण्यास धजत नाहीत तेव्हा तो भार सरकारने उचलला पाहिजे. नाही तर यंत्रे आहेत, माणसे आहेत, गरजाही आहेत, पण सारे हात जोडून बसले आहेत, अशी विपरीत स्थिती कितीही काळ टिकू शकते. अमेरिकेत ती स्थिती प्रत्यक्ष अवतरली होती. १९२९ साली तेथील शेअरबाजार कोसळला, आणि १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सरकारी कामे काढली. १९३५ साली स्थापन झालेल्या एकाच कार्यखात्याने १९४३ पर्यंत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. त्यांनी रस्ते, पूल आणि शाळा बांधल्या. लेखक, चित्रकार आणि नटांनाही त्यात काम मिळाले. त्याच १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत बेकारी-विम्याची राष्ट्रव्यापी व्यवस्था उभी केली. इंग्लंडने त्याचा आरंभ १९११ सालीच केला होता. पण या कथेतले अधिक बोलके प्रकरण पुढचे आहे. १९३७ साली आता बरे दिवस आले असे समजून सरकारने खर्च आखडला, पतपुरवठाही आवळला, आणि वर्षभरात बेकारी पुन्हा वर चढली. औषध गुणकारी होते की नाही, हे ते मध्येच बंद केल्यावर कळावे, तशातला हा प्रकार होता.

महाराष्ट्राला मात्र हा धडा परक्यांकडून घेण्याचे कारण नाही. दुष्काळात कामे काढून मजुरी द्यावी, हे तत्त्व ब्रिटिश सरकारच्या दुष्काळसंहितेतही होते; परंतु कागदावरचे ते तत्त्व हा आपला हक्क आहे, हे रयतेला समजावून सांगण्याचे काम १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे केले. पुढे १९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात लागोपाठ पिके बुडाली. त्या वेळची सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर होते. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात होती, म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण खडी फोडीत किंवा तलावाची माती वाहत होता. एवढ्या मोठ्या आपत्तीतही महाराष्ट्रात भूकबळींचे थैमान झाले नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी या घटनेकडे जगाचे लक्ष वेधले आहे. त्यातले मर्म असे, की मजुराच्या हाती रोख मजुरी आली म्हणून त्याला धान्य विकत घेता आले, आणि जेथे विकत घेणारा आहे तेथे धान्य येत राहिले. हात रिकामे असते, तर भरलेल्या कोठारांशेजारीही माणसे उपाशी मेली असती.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी याच अनुभवाला कायमचे रूप दिले. सांगली जिल्ह्यातील विसापूरच्या प्रयोगातून त्यांची कल्पना आकाराला आली होती. मागेल त्याला काम, हे तत्त्व वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ साली स्वीकारले. १९७७ साली त्याचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्राने ग्रामीण भारतासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा पायंडा त्याच्यासमोर होता. आणि या हमीचे पैसे कोठून आले? आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते स्वतःच्या पगारातून दिले आहेत. १९७५ साली बसविलेला व्यवसाय कर हा मुख्यत्वे त्याचसाठी होता. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये जे कापले जातात, त्यांचे मूळ हे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराचा भार उचलावा, अशी ही व्यवस्था होती, आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने ती फारशी कुरकुर न करता मान्य केली, हे त्याला भूषणावह आहे. तो पैसा शहराला परत मिळाला नाही, असेही नाही. मजुराने विकत घेतलेले कापड, साबण, तेल आणि मुलांची पुस्तके शहरांतच तयार होत होती.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आळसाचा. भत्ता मिळाला की माणूस काम शोधत नाही, असे म्हटले जाते. याची फार मोठी कसोटी अलीकडेच अमेरिकेत लागली. २०२० साली करोनाच्या साथीत तेथील बेकारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलरची आणि नंतर ३०० डॉलरची भर देण्यात आली. २०२१ च्या उन्हाळ्यात सुमारे निम्म्या राज्यांनी ही भर मुदतीपूर्वीच बंद केली. भत्ता थांबला की माणसे कामाकडे धावतील, असा त्यांचा होरा होता. काही माणसे धावली, हे खरे. पण त्यांच्या कमाईत जी वाढ झाली, तिच्या कितीतरी पट त्यांच्या खर्चात घट झाली, असे अभ्यासकांना आढळून आले. म्हणजे आळसाची भीती सर्वस्वी खोटी नव्हती, पण तिचा जितका बाऊ करण्यात आला तितकी ती खरी नव्हती. आपल्या रोजगार हमीत तर या आक्षेपाला जागाच नाही. उन्हातान्हात माती खणण्याचे काम हौसेने मागायला कोणी जात नाही. ज्याला दुसरा मार्ग नाही तोच तेथे जातो, आणि दुसरा मार्ग मिळताच निघून जातो.

दुसरा आक्षेप कर्जाचा आणि भाववाढीचा. तो अधिक वजनदार आहे, आणि त्याला बगल देणे आम्हास मान्य नाही. २००८ च्या जागतिक मंदीत भारत सरकारने करात सूट दिली आणि खर्च वाढविला. ते करणे तेव्हा योग्यच होते. पण मंदी ओसरल्यावरही तो हात वेळेवर आवरला गेला नाही. केंद्राची वित्तीय तूट २००७-०८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अडीच टक्के होती, ती २००९-१० मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेली. पुढची चार-पाच वर्षे औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाप्रमाणे महागाई ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान राहिली, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये एका डॉलरला ६८ रुपये मोजावे लागले. या महागाईला दुसरीही कारणे होती, परंतु अवेळी चालू राहिलेल्या खर्चाने तिला हातभार लावला, हे नाकारता येणार नाही. अमेरिकेतही तेच झाले. २०२० साली दिलेल्या मदतीने लक्षावधी कुटुंबे दारिद्र्यात लोटली जाण्यापासून वाचली. पण अर्थव्यवस्था सावरू लागल्यावर मार्च २०२१ मध्ये आणखी एक लाख नव्वद हजार कोटी डॉलर बाजारात ओतले गेले. मालाचा पुरवठा साथीने आणि नंतर युक्रेनच्या युद्धाने अडला होता. परिणामी जून २०२२ मध्ये तेथील भाववाढ ९.१ टक्क्यांवर पोहोचली. रिकाम्या विहिरीत सोडलेले पाणी विहिरीतच साठते. भरलेल्या विहिरीत सोडलेले बाहेर वाहून जाते. केन्सचे नाव घेणारे पुढारी मंदीत खर्च वाढविण्याचा त्याचा उपदेश आवर्जून पाळतात, तेजीत तो कमी करण्याचा उपदेश मात्र सोयीस्करपणे विसरतात.

तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, हा अनुभव रोजगार हमीतही आला. खोटी हजेरीपत्रके, कागदावरचे पाझर तलाव, मजुरीतली कपात यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. हे दोष झाकण्यात कोणाचेच हित नाही. पण चोर शिरला म्हणून कोणी घर मोडून टाकीत नाही, दाराला कडी लावतो. हजेरीपत्रक गावच्या चावडीवर सर्वांपुढे वाचले जावे, मजुरी थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावी आणि कामांची सामाजिक तपासणी व्हावी, या सुधारणा जेथे मनापासून झाल्या, तेथे चोरीला आळा बसला आहे. शिवाय ज्या मध्यमवर्गाच्या घामाचा पैसा या कामी लागतो, त्याने त्याचा हिशेब मागण्याचे सोडून द्यावे आणि मग योजनेलाच नावे ठेवावीत, हेही बरे नाही.

खरा धोका दुसरीकडेच आहे. बेकाराला मदत आणि मतदाराला खिरापत, या दोन गोष्टी आपल्याकडे हल्ली एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. २०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीला काही महिने उरले असताना राज्यात स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना सुरू झाली. गरीब घरातल्या स्त्रीच्या हाती पैसा जाऊ नये, असे म्हणण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. पण त्या खर्चाचा मंदीशी वा बेकारीशी कोणताही संबंध जोडलेला नव्हता. संबंध होता तो निवडणुकीच्या पंचांगाशी. राजकीय पक्ष कोणताही असो, सत्तेवर येण्यासाठी याच मार्गाने जाण्याची अहमहमिका सर्वत्र दिसते. तेजीमंदीची पर्वा न करता तिजोरी अशी रिती होऊ लागली, तर खरी मंदी येईल तेव्हा आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि मंदी आली की शहराचे काय होते, ते २०२० साली आपण पाहिलेच आहे. मार्चअखेर सारा देश बंद झाला. मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या हमरस्त्यांवरून मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत राष्ट्रीय उत्पादन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. खेड्यात परतलेल्यांना रोजगार हमीचा आधार होता. २०२०-२१ या एका वर्षात देशातील सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी त्या कामावर हजेरी लावली, आणि १ लाख ११ हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला. शहरात जे उरले त्यांना काय होते? शिधापत्रिका असणाऱ्यांना धान्य मिळाले. राज्य विमा महामंडळाच्या एका योजनेत, नोकरी गेलेल्या विमेदार कामगाराला त्याच्या सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्याची सोय झाली. पण ती महामंडळाच्या विमेदारापुरती, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आतील पगाराच्या कामगारापुरती, आणि आयुष्यात एकदाच. हॉटेलातला वाढपी, दुकानातला नोकर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, खासगी शिकवणीतला शिक्षक, दारोदार खाण्याचे डबे पोहोचविणारा तरुण, यांपैकी बहुतेक जण त्या छत्राबाहेरच राहिले. ज्या शहरांच्या पगारदारांनी १९७५ पासून रोजगार हमीसाठी कर भरला, त्याच शहरांच्या श्रमिकांसाठी कोणतीही हमी नव्हती. खेड्याचे काढून शहराला द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. पण बेकारी आता वेशीच्या आत आली आहे, हे ओळखण्यास उशीर करू नये.

आमच्या मते खरी गरज आहे ती आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेची. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक जसा पातळी खाली गेली की पाणी सोडतो आणि टाकी भरली की बंद करतो, तसा बेकारीचा विमा असतो. मंदीत बेकार वाढले की त्याचा खर्च वाढतो, तेजीत ते घटले की खर्च घटतो आणि वर्गणी साठत जाते. त्यासाठी मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही, आणि निवडणुकीचा मुहूर्तही लागत नाही. या दृष्टीने संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये जुन्या रोजगार हमी कायद्याच्या जागी जो नवा कायदा संमत केला, त्याची दिशा आम्हाला चिंताजनक वाटते. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे चांगलेच आहे. पण अकुशल मजुरीचा खर्च पूर्वी संपूर्णतः केंद्राकडे होता. आता बहुतेक राज्यांना ४० टक्के भार उचलावयाचा आहे, आणि ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसावयाचा आहे. दुष्काळ पडतो तेव्हा कामाची मागणी वाढते, आणि नेमके तेव्हाच राज्याचे उत्पन्न घटलेले असते. तहान वाढली की घागर लहान करावी, असा हा हिशेब आहे.

म्हणून महाराष्ट्र सरकारला आमचे सांगणे असे. पहिली गोष्ट, शहरी बेकारीच्या विम्याचा आरंभ राज्याने करावा. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांची वर्गणी त्यात असावी, आणि असंघटित कामगारालाही आपल्या ऐपतीप्रमाणे त्यात शिरता यावे. दुसरी गोष्ट, महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत कामाची हमी द्यावी. नाल्यांचे काठ, पालिकेच्या शाळांच्या इमारती, मोडकळलेली उद्याने, सार्वजनिक ग्रंथालयांतील पुस्तकांच्या नोंदी, अशी अक्षरशत्रूपासून पदवीधरापर्यंत सर्वांना देता येतील इतकी कामे प्रत्येक शहरात पडून आहेत. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली शहरांसाठी अशा योजना आखल्या. रोजगार हमीची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने त्यांच्या मागे राहावे, हे शोभत नाही. तिसरी गोष्ट, या खर्चाची दारे केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, याचे नियम कायद्यातच लिहिलेले असावेत. चांगल्या वर्षांत साठलेली शिल्लक इतर कामाकडे वळविण्यास स्पष्ट मनाई असावी. व्यवसाय कराच्या उत्पन्नातून रोजगार हमीसाठी साठलेली शिल्लक मजुरांच्या कामी आली नाही, ही टीका पूर्वी अनेकदा झालेली आहे. तिची पुनरावृत्ती नको.

मध्यमवर्गालाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बेकार म्हणजे कोणी दुसरा, झोपडपट्टीतला किंवा खेड्यातला, ही समजूत आता टिकणारी नाही. संगणकाच्या कचेऱ्यांतून एका पत्राने घरी पाठविलेले अभियंते, कंत्राटावर दर वर्षी नव्याने नेमले जाणारे प्राध्यापक, शाखा बंद झाल्याने रस्त्यावर आलेले बँकेच्या दलालीवरचे तरुण, हे आपल्याच घरांतले आहेत. घराचे हप्ते थकले, तर त्यांच्या बेकारीची झळ बिल्डरापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना लागणार आहे. अशा वेळी त्यांना जो आधार मिळेल तो भिक्षा ठरू नये, आधी भरलेल्या वर्गणीचा हक्क ठरावा, यातच त्यांची आणि समाजाची प्रतिष्ठा आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. सध्या निदान हातात कुदळ धरण्याइतकी उसंत आहे. पुढच्या मंदीची चाहूल लागल्यावर तीही राहणार नाही.